करंगळीला विचारा

रात्री दोन-अडीचला हात बधिर होऊन जाग येते. पेशंट उठून बसतो आणि थर्मामीटर झटकावा तसा हात झटकतो. ओपीडीत एवढं ऐकलं की डॉक्टर करंगळीबद्दल विचारतात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू मुंग्यांनी भरलेली, करंगळी मात्र ठणठणीत असेल, तर संशय कार्पल टनेलवर. मनगटातल्या या चिंचोळ्या बोगद्यातून 9 कंडरा आणि मीडियन नर्व्ह जाते. करंगळीच्या नसेची वाट वेगळी. बोगद्यात सूज आली की चेंगरते ती मीडियन.

सगळं खापर कीबोर्डवर फोडायची फॅशन आहे. पण मधुमेह, मंदावलेलं थायरॉइड, गरोदरपण ही कारणंही नेहमीची. वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्यांची गोष्ट आणखी निराळी: बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन मशीनमधून पुरतं गाळलं जात नाही, ते मनगटात साचत जातं. काहींना तर ऐन डायलिसिस चालू असतानाच मुंग्या वाढतात. ‘सुईमुळे असेल’ म्हणून ते गप्प बसतात.

सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट, गरजेप्रमाणे स्टेरॉइडचं इंजेक्शन. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा झडू लागला, शर्टाचं बटण लावताना हात अडखळू लागला, तर ऑपरेशन लांबवू नये.