दगडाच्या लाह्या आणि रुग्णाचा श्वास

आमच्या रुग्णालयाच्या आवारात द्रवरूप ऑक्सिजनची उंच पांढरी टाकी आहे. कुंपणाबाहेर बसलेल्या एका आजोबांनी मला विचारले, ‘‘डॉक्टर, आत उणे १८३ अंशांची थंडी म्हणता, मग टाकीवर बर्फ कसा नाही?’’

याचे उत्तर परलाइट नावाच्या दगडात आहे. परलाइट ही ज्वालामुखीतून बनलेली काच. सिलिका भरपूर असलेला लाव्हा थिजून तिची काच होते आणि पुढे ती हळूहळू पाणी शोषते. वजनाच्या २ ते ५ टक्के पाणी त्यात अडकलेले असते. ग्रीसमधील मिलोस बेटावर त्याच्या मोठ्या खाणी आहेत.

हा दगड बारीक करून सुमारे ८५० ते ९०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत सोडतात. काच मऊ पडते, त्याच क्षणी आतल्या पाण्याची वाफ होते आणि असंख्य बुडबुडे फुगतात. ज्वारीची लाही फुटावी तसाच प्रकार! दाणा ७ ते १६ पट फुगून पांढराशुभ्र आणि हलका होतो व गरम हवेच्या झोतासोबत वर उडतो. मात्र आच हळूहळू दिली, तर पाणी आधीच निघून जाते आणि दाणा नीट फुलत नाही.

ऑक्सिजनच्या टाकीला दोन भिंती असतात. मधल्या जागेत या लाह्यांची पूड भरून हवा काढून घेतात, त्यामुळे बाहेरची उष्णता आत शिरत नाही. शिवाय परलाइट जळत नाही. ऑक्सिजनजवळ हा गुण सर्वांत मोलाचा. नळ्यांवर बर्फ साचणे नेहमीचेच. पण टाकीच्या बाहेरच्या भिंतीवर तो दिसला, तर आतली निर्वात पोकळी बिघडल्याची शंका घ्यावी आणि लगेच तंत्रज्ञांना कळवावे.

आता थोडे धुळीविषयी. परलाइटमध्ये स्फटिकी सिलिका सहसा फार कमी असते, त्यामुळे सिलिकोसिसची भीती दगडखाणीइतकी नसते. तरीही धुळीने खोकला येतो, डोळे चुरचुरतात. भट्टीवर आणि टाकी भरताना काम करणाऱ्यांना मास्क व चष्मा मिळायलाच हवा. कुंडीच्या मातीत मिसळायला परलाइट आणत असाल, तर पिशवी उघडताच त्यावर पाणी शिंपडा. दम्याच्या रुग्णांनी तर हे काम दुसऱ्यावरच सोपवावे.

आजोबांना एवढेच म्हणालो, ‘‘टाकीने दगडाच्या लाह्यांची गोधडी पांघरली आहे.’’