तिसऱ्या कॉलमचं गौडबंगाल

पीएफचं पासबुक कधी नीट बघितलंय? पहिला कॉलम तुमचा, दुसरा कंपनीचा, तिसरा पेन्शनचा. पहिल्या दोघांवर दरवर्षी व्याज चढतं. माझ्या तिसऱ्या कॉलममध्ये मात्र नुसते भरलेले पैसे, व्याज शून्य! अकाउंट्समधल्या ताईंना विचारलं, तर त्या हसल्या. ‘अगं, ते तुझे म्हणून वेगळे ठेवतच नाहीत. सगळ्यांचे एकाच हंड्यात जातात.’

हा हंडा म्हणजे १९९५ची एम्प्लॉइज पेन्शन स्कीम. कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के इथे वळतात. सरकार बजेटमधून १.१६ टक्के घालतं, पण ठरलेल्या पगारमर्यादेपर्यंतच. २०१४ मध्ये ही मर्यादा १५,००० रुपये झाली. त्या हिशेबाने कंपनीचे महिना १,२५० आणि सरकारचे १७४ रुपये.

पेन्शन मिळते ती जमलेल्या पैशांवर नाही, सूत्रावर. पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. १५,००० पगार आणि १० वर्षं नोकरी? वयाच्या ५८व्या वर्षापासून महिना साधारण २,१४३ रुपये. दोन पिझ्झा, एक मल्टिप्लेक्स, खेळ खल्लास!

खरी गोम पुढेच आहे. हंड्यात किती आहेत आणि पुढे किती द्यायचेत, याचा ताळेबंद मांडला जातो. तूट दिसली आणि सरकारने हात आखडता घेतला, की कात्री लागते नियमांना. २००८ मध्ये पेन्शनचा काही भाग एकरकमी घेण्याची सोय गेली. २०१४ मध्ये शेवटच्या १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी धरायचं ठरलं. म्हणजे शेवटच्या इन्क्रिमेंटचा फायदा पातळ! किमान पेन्शन १,००० रुपये झाली खरी, पण पुढची दहा वर्षं तो आकडा जागचा हलला नाही. आणि १ सप्टेंबर २०१४ पासून नव्याने पीएफमध्ये येणाऱ्या, मर्यादेपेक्षा जास्त पगाराच्या मंडळींना या योजनेचं दारच बंद झालं.

जादा पगारावर पेन्शन हवी असेल, तर त्यावरचे १.१६ टक्केही स्वतःच भरा, असंही तेव्हा ठरलं होतं. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ही अट बेकायदा ठरवली, ६० महिन्यांची मात्र कायम ठेवली.

मग करायचं काय? नोकरी बदलताना पेन्शनचे पैसे काढू नका, सर्व्हिस ट्रान्सफर करा. १० वर्षं भरली तरच पेन्शनचा हक्क लागतो. तिसरा कॉलम रिकामा असेल, तर म्हातारपणाची सोय आतापासूनच वेगळी बघा. आणि हो, बजेटच्या दिवशी टॅक्सचे स्लॅब ऐकून लगेच चॅनल बदलू नका. तुमच्या साठीनंतरचा घरखर्चही तिथेच ठरत असतो.