लिस्प भाषेतील फलन-अवतरण
लिस्प या संगणक भाषेत एखादे नाव वा सूची यांचे मूल्य न काढता ती जशीच्या तशी घ्यावी, असे सांगणाऱ्या रचनेस अवतरण म्हणतात. तिचाच फलनांसाठी योजलेला प्रकार म्हणजे फलन-अवतरण. ‘यवतमाळ हा विदर्भातील जिल्हा आहे’ या वाक्यात यवतमाळ म्हणजे प्रदेश; ‘यवतमाळ हा पाच अक्षरी शब्द आहे’ यात तो केवळ शब्द. वाचक हा भेद संदर्भाने ओळखतो. तरीही शब्दाने स्वतःचे रूप दर्शवावे की अर्थ, हे ठरविण्यासाठी पाणिनींनी अष्टाध्यायीत स्वतंत्र सूत्र (१·१·६८) घातले. यंत्राला तर खूणच लागते.

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे लिस्पची रचना आरंभिली. तीत आज्ञा व माहिती या दोन्ही कंसांतील सूचीच असल्याने अवतरणावाचून चालत नाही. (क्वोट यवतमाळ) असे लिहिल्यास ते नावच हाती येते. 'यवतमाळ हा त्याचा संक्षेप होय. हे चिन्ह आरंभीच येते, मिटविणारे चिन्ह नसते.

एक फलन दुसऱ्या फलनाच्या हवाली करताना मात्र नुसते अवतरण पुरत नाही. कॉमन लिस्पमध्ये (१९८४, अमेरिकन राष्ट्रीय मानक १९९४) तेथे (फंक्शन वजन), म्हणजेच #'वजन, असे लिहितात. समजा, यवतमाळच्या बाजारात आलेल्या कापसाच्या हिशेबासाठी ‘वजन’ हे सार्वत्रिक फलन भरलेल्या गाडीचे वजन देते; एका विभागापुरते त्याच नावाचे स्थानिक फलन रिकाम्या गाडीचे वजन वजा करते. भरलेली गाडी २,००० किग्रॅ. व रिकामी १,२०० किग्रॅ. असल्यास त्या विभागात #'वजन दिल्याने ८०० किग्रॅ. हे खरे उत्तर मिळते. 'वजन दिल्यास केवळ नाव पुढे जाते, त्या नावाचे सार्वत्रिक फलन शोधले जाते आणि २,००० किग्रॅ. कापूस मांडला जातो. यंत्र दोष दाखवीत नाही, हेच यातील संकट.

ही अडचण जुनीच आहे. जेम्स स्लेगल यांनी लिहिलेले एक फलन चुकीचे चालू लागले, तेव्हा मॅकार्थी यांना तो किरकोळ दोष वाटला. स्टीव्ह रसेल प्रभृतींनी त्यावर जो उपाय काढला, त्यात फलनाबरोबर त्याचा परिसरही बांधून दिला जाई. १९६२ च्या लिस्प १·५ मध्ये क्वोट व फंक्शन या वेगळ्या रचना आढळतात.

१९७५ मध्ये जेरल्ड ससमन व गाय स्टील यांनी रचलेल्या स्कीम या बोलीत फलन व चल यांची नावे एकाच कोठारात असतात. त्यामुळे तेथे नुसते ‘वजन’ लिहिणे पुरते.