मलबार हिल : कापसाने श्रीमंत केलेली टेकडी
लेखमाला ‘समुद्रकाठची श्रीमंती’ – लेखांक ४

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीपासून मुंबईचा समुद्र सुमारे तीनशे किलोमीटरवर. तरीही मलबार हिलच्या श्रीमंतीची गोष्ट सांगताना अशाच कापूस पिकवणाऱ्या काळ्या रानांकडे आधी पाहावे लागते. आज देशातल्या सर्वांत महाग जमिनींत जिची गणना होते, त्या टेकडीवरचे बरेचसे बंगले कापसाच्या पैशातून उठले.

कापसाच्या आधीही टेकडीवर वस्ती होती, पण ती देवाधर्माची. वाळकेश्वराचे देऊळ आणि बाणगंगेचा तलाव शिलाहारांच्या काळातले मानले जातात. समुद्राला लागून असूनही बाणगंगेचे पाणी गोडे. पोर्तुगीज अमदानीत देऊळ पडले आणि १७१५ मध्ये रामा कामत या सारस्वत व्यापाऱ्याने ते पुन्हा बांधून दिले. कंपनी सरकारच्या मर्जीतला हा धनिक पुढे कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपाखाली सापडला. १७२० मध्ये खटला चालला, मालमत्ता जप्त झाली आणि १७२८ मध्ये तो कैदेतच वारला. त्याच्याविरुद्धची पत्रे बनावट होती, हे नंतर उघड झाले. त्या काळात मुंबईतली श्रीमंती साहेबाच्या मर्जीवर टिकत असे.

पारशी समाजाने सतराव्या शतकात टेकडीवर पहिला दोखमा, म्हणजे मृतदेह ठेवण्याचा मनोरा, बांधला. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२० च्या दशकात मलबार पॉइंटच्या टोकाशी बंगला बांधला. पण हवा खायला येणे वेगळे आणि कायम राहणे वेगळे. धनिक व्यापारी मुंबईच्या तटबंद कोटाच्या आत राहत, तर गोऱ्या अधिकाऱ्यांची पसंती भायखळा, माझगाव आणि परळला असे.

हे चित्र पालटले ते १८६१ नंतर. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडच्या राज्यांची बंदरे रोखली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मग खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाडचा कापूस गाड्या भरभरून मुंबईकडे निघाला. भाव कडाडले. व्यापाऱ्यांच्या हाती इतका पैसा खेळू लागला की तो कुठे गुंतवावा हेच कळेना. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. या साऱ्या खेळाचा सूत्रधार म्हणजे दलाल प्रेमचंद रायचंद. ज्या वर्षांत शेअरची ही धूम होती, त्याच वर्षांत कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. शहराला बाहेर पसरायला वाट मिळाली आणि पैसेवाल्यांची नजर टेकडीकडे वळली.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. बँका बुडाल्या, प्रेमचंदही बुडाले.

टेकडीवरच्या बंगल्यांचे मालक बदलले, बंगले मात्र राहिले. खेड्यात असे झाले नाही. तेजीच्या दिवसांत सावकारांनी मोकळ्या हाताने कर्जे दिली होती. मंदी येताच वसुलीचा फास आवळला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि दंगे पुणे-नगर भागात पसरले. चार वर्षांनी सरकारला दख्खन शेतकरी मदत कायदा करावा लागला. मलबार हिलची भरभराट आणि सुप्याची होळी एकाच कापसाच्या तेजीतून आली, हे टेकडीच्या इतिहासात सहसा लिहिले जात नाही.

इकडे परळभोवती गिरण्यांच्या चिमण्या वाढल्या. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी परळच्या सरकारी निवासात पटकीने वारल्या आणि १८८५ मध्ये गव्हर्नरांचे निवासस्थान मलबार पॉइंटला आले. तेच पुढे राजभवन झाले. त्याआधीच, १८८१ मध्ये, टेकडीवरच्या जलाशयाच्या छतावर बाग उभी राहिली होती. ती हँगिंग गार्डन म्हणून ओळखली जाते. लाटसाहेब शेजारी आल्यावर पत्त्याचे वजन वाढले. अनेक बंगले पारशी मालकांचे आणि त्यांत भाडेकरू गोरे अशी स्थिती होती. पुढे गुजराती आणि जैन व्यापाऱ्यांनी खरेदी सुरू केली, संस्थानिकांनी महाल बांधले. १९०४ मध्ये बाबू अमीचंद पन्नालाल यांचे आदीश्वर जैन मंदिर उभे राहिले.

बॅरिस्टर जिना यांनी १९३६ मध्ये वास्तुविशारद क्लॉड बॅटलींकडून माउंट प्लेझंट रोडवर ‘साउथ कोर्ट’ बांधून घेतले. सप्टेंबर १९४४ मध्ये गांधीजी जवळच्याच बिर्ला हाउसमध्ये उतरले आणि चर्चेसाठी जिनांच्या बंगल्यावर जात राहिले. फाळणीवरच्या त्या वाटाघाटी या टेकडीवरच घडल्या आणि फसल्या.

स्वातंत्र्यानंतर बंगल्यांच्या जागी इमारती आल्या. मालमत्तेचे आकडे आता कापसाच्या तेजीलाही लाजवतात. डॉ. होमी भाभा यांचा ‘मेहरांगीर’ बंगला २०१४ मध्ये ३७२ कोटींना विकला गेला. तो स्मारक म्हणून जपावा ही मागणी झाली, पण २०१६ मध्ये बंगला पाडण्यात आला. काही इमारतींत मांसाहारी कुटुंबांना घर नाकारले जाते, अशी तक्रारही अधूनमधून होते. पैसा असला म्हणजे दार उघडतेच असे नाही. जेवणाच्या ताटावरूनही शेजारी निवडला जातो.

टेकडीच्या उतारावर शिमला नगरसारखी झोपडवस्ती आहे. बाणगंगेच्या काठी जुन्या मठांभोवती दाटीवाटीने घरे आहेत. पितृपक्षात तिथल्या पायऱ्यांवर साऱ्या मुंबईतून लोक येतात, आणि वरच्या इमारतींत स्वयंपाक, झाडलोट, गाडी चालवणे ही कामे करणारी माणसेही अशाच वस्त्यांतून चढून जातात.

परळचे रिकामे झालेले गव्हर्नरांचे निवासस्थान १८९९ मध्ये डॉ. हाफकिन यांच्या प्लेग प्रयोगशाळेला मिळाले. तोवर भोवतालच्या चाळींत कोकण आणि घाटावरचे गिरणी कामगार दाटले होते. त्या गिरणगावाची हकीकत पुढील लेखांकात.