कार्ताहेनाचे तट

दक्षिण अमेरिकेचा नकाशा उघडला, की त्या खंडाच्या अगदी वरच्या कडेला, कोलंबिया देशाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, एका जुन्या बंदराचे नाव आढळते. इंग्रजी अक्षरे पाहून ते ‘कार्टाजेना’ असे वाचण्याचा मोह होतो. परंतु स्पॅनिश उच्चार ‘कार्ताहेना’ असा आहे. नगराचे पूर्ण नाव तर आम्हां भारतीयांस क्षणभर थांबविणारे आहे: ‘कार्ताहेना दे इंदियास’, म्हणजे हिंदांमधले कार्ताहेना. हिंदुस्थानचा मार्ग शोधावयास निघालेला कोलंबस ज्या बेटांना लागला, त्यांनाच त्याने हिंद मानले. पुढे भ्रम निरसला. नाव मात्र राहिले. पेद्रो दे एरेदिया याने १ जून १५३३ रोजी कालामारी या मूळ रहिवाशांच्या गावाच्या जागी हे नगर वसविले, आणि स्पेनमध्ये याच नावाचे प्राचीन नगर असल्यामुळे ओळखीसाठी त्यास हे शेपूट जोडले गेले.

कार्ताहेना प्रसिद्ध आहे ते त्याच्या दगडी तटासाठी. १९८४ साली तेथील बंदर, किल्ले व स्मारके यांना युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले. दगडी तट येणाऱ्या प्रत्येकास दिसतो. परंतु या नगराला आणखीही तट आहेत. त्यांतले काही कोणी बांधलेलेच नाहीत, म्हणून त्यांची गणतीही फारशी कोणी करीत नाही. विद्यार्थिमित्रांनी आमच्याबरोबर मनाने तेथे यावे, ते हे सर्व तट पाहण्यासाठी.

प्रथम जागा पाहू. नगरासमोर विस्तीर्ण उपसागर आहे आणि त्यास समुद्राकडे दोन तोंडे आहेत. एकाचे नाव बोकाग्रांदे, म्हणजे मोठे तोंड. दुसरे बोकाचिका, लहान तोंड. भोवती वाळूचे दांडे, उथळ खारी तळी आणि चिखलात उभी असलेली तिवरांची बने. पेरूची चांदी पनामाच्या चिंचोळ्या भूमीवरून अटलांटिकच्या बाजूस येई, तेव्हा ती स्पेनला नेणारी गलबते याच उपसागरात विसावत. संपत्ती आली तसे लुटारूही आले. १५८६ साली इंग्रज फ्रान्सिस ड्रेक याने नगर जिंकले, त्याचा काही भाग जाळला आणि १,०७,००० डुकाट खंडणी घेऊनच तो परतला. त्याच वर्षी बाउतिस्ता आंतोनेली हा इटालियन स्थापत्यविशारद संरक्षणाची आखणी करण्यास येथे आला. तेव्हापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे, तटाचे काम थांबतथांबत चालूच होते. मोठे तोंड पाण्याखाली बांध घालून बुजविण्यात आले, म्हणजे शत्रूची जहाजे लहान तोंडाशीच अडावीत व तेथे दोन्ही बाजूंच्या तोफांच्या माऱ्यात सापडावीत.

आपल्याकडच्या आग्वादच्या किल्ल्याला जांभ्या दगडाचा रंग आहे. कार्ताहेनाच्या तटाला प्रवाळाचा आहे. त्या किनाऱ्यावर जुन्या प्रवाळांचा थिजून झालेला दगड मुबलक सापडतो. तो कापून, चुन्यात बसवून हा तट उभारलेला आहे. जवळून पाहिल्यास दगडात पोवळ्यांची नक्षी दिसते. लक्षावधी सूक्ष्म जीवांनी समुद्रात बांधलेली भिंत माणसाने उचलून जमिनीवर उभी केली, असेच म्हणावयास हवे.

या तटाची मोठी परीक्षा १७४१ साली झाली. इंग्रज दर्यासारंग एडवर्ड व्हर्नन दीडशेहून अधिक जहाजे आणि पंचवीस हजारांवर माणसे घेऊन मार्चमध्ये आला. आतील संरक्षक थोडे हजार होते. त्यांच्या आरमाराचा प्रमुख ब्लास दे लेझो याने पूर्वीच्या युद्धांत डावा पाय व डावा डोळा गमावला होता आणि त्याचा उजवा हात निकामी झाला होता. इंग्रजांनी बोकाचिका घेतली. विजय झालाच असे समजून व्हर्ननने तशी वार्ता मायदेशी धाडली, आणि इंग्लंडात लेझो व्हर्ननपुढे गुडघे टेकीत असल्याची पदकेही पाडली गेली! प्रत्यक्षात एप्रिलमध्ये सान फेलिपेच्या गडावरचा हल्ला फसला आणि मे महिन्यात आरमार माघारी वळले. ती पदके आज संग्रहालयांत पाहावयास मिळतात. लेझो मात्र त्याच वर्षी सप्टेंबरात मरण पावला.

हा विजय केवळ तटाचा व शौर्याचा होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. इंग्रज छावणीत पीतज्वराने हजारो माणसे मेली. हा रोग पसरविणारा डास दलदलीतला नव्हे. त्याला साठविलेले स्वच्छ पाणी लागते. कार्ताहेनात गोड्या पाण्याची नदी नव्हती. घरोघरी पावसाचे पाणी टाक्यांत साठवीत, जहाजांवर पिंपांत भरीत, आणि तेथेच डास वाढत. ज्यांना बालपणी हा ज्वर येऊन गेला होता, त्यांस तो पुन्हा होत नसे. युरोपातून नुकताच आलेला सैनिक मात्र त्याला सहज बळी पडे. डासावर संशय घेणारे क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी आपले मत १८८१ साली मांडले, आणि १९०० साली वॉल्टर रीड यांच्या मंडळाने ते सिद्ध केले. १७४१ साली आपला सर्वांत मोठा शत्रू कोण, हे व्हर्ननला ठाऊक असणे शक्यच नव्हते.

आता थोडे अप्रिय सांगावयास हवे. तटाचे दगड कोणी वाहिले? त्या कामात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचे श्रम फार मोठे होते. स्पेनच्या अमेरिकेतील गुलामांच्या व्यापाराचे कार्ताहेना हे एक प्रमुख बंदर होते. १५८० ते १६४० या काळात स्पेन व पोर्तुगाल यांचे राजपद एकाच व्यक्तीकडे होते, आणि त्या काळी या बंदरात गुलाम आणण्याचा मक्ता मुख्यतः पोर्तुगीज व्यापाऱ्यांकडे होता. ज्या ध्वजाची गलबते मांडवीत येत, त्याच ध्वजाच्या गलबतांतून ही माणसे तेथे उतरविली जात. पेद्रो क्लावेर हा जेझुइट धर्मगुरू १६१० साली येथे आला. तो अन्न-औषध घेऊन त्या गलबतांच्या तळाशी उतरे. त्याचे दुभाषे स्वतः आफ्रिकी गुलामच होते. क्लावेरला १८८८ साली संतपद मिळाले. दुभाष्यांचे स्मरण सहसा कोणी करीत नाही.

काहींनी दयेची वाट पाहिली नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बेंकोस बियोहो हा गुलाम साथीदारांसह तिवरांतून व दलदलींतून रानात पळाला. अशा पळालेल्यांनी लाकडी कूड रोवून गावे वसविली. अशा कुडाला स्पॅनिशमध्ये ‘पालेंके’ म्हणतात. गावांचेही तेच नाव पडले. बियोहोला १६२१ साली फाशी देण्यात आली, परंतु कार्ताहेनाच्या आग्नेयेस सान बासिलिओ दे पालेंके हे गाव टिकले, आणि अठराव्या शतकाच्या आरंभी राज्यकर्त्यांना त्याच्याशी समेट करावा लागला. कोलंबियात गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८५१ साली झाला, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या लाकडी कुडाचे मोल कळते.

त्या गावाची स्वतःची भाषा आहे. तिचे बहुतेक शब्द स्पॅनिश, पण घडणीत आफ्रिकेतील किकोंगो भाषेचा अंश आहे. अनेकवचन करावयाचे तर नामाच्या मागे प्रत्यय न लावता पुढे ‘मा’ ठेवतात. पुष्कळ काळ तिला ‘मोडकी स्पॅनिश’ म्हणून हिणविले गेले, आणि नगरात कामास गेलेली मुले ती बोलावयास लाजत. घरी एक बोली आणि शाळेत दुसरी, हा अनुभव आम्हां कोकणी बोलणाऱ्यांस अपरिचित नाही. म्हणून ही हकीकत आम्हांस फार जवळची वाटते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती भाषा गावच्या शाळेत शिकविली जाऊ लागली, आणि २००५ साली युनेस्कोने त्या गावाच्या सांस्कृतिक परंपरेचा गौरव केला.

पालेंकेच्या स्त्रिया आजही डोक्यावर फळांची पाटी घेऊन कार्ताहेनात येतात. त्यांच्याजवळ ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद, नावाचा लाडू मिळतो: भरडधान्याच्या लाह्या, नारळ आणि गूळ! यात नवल नाही. अटलांटिक किनाऱ्यांवरील नारळ हिंदी महासागरातील वाणाचा असल्याचे २०११ सालच्या आनुवंशिक अभ्यासात दिसून आले. तो आफ्रिकेला वळसा घालून पोर्तुगिजांनीच तिकडे नेला. आणि त्यांनीच ब्राझीलहून आपल्याकडे काजू आणला.

नैऋत्येस समुद्रात रोझारिओची बेटे आहेत. तेथील प्रवाळांचे बांध लाटांचा जोर मोडतात. १९७७ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. तरी संकट समुद्रातून नव्हे, जमिनीवरून आले. १६५० साली माग्दालेना नदीपासून उपसागरापर्यंत ‘दिके’चा कालवा खणला गेला. विसाव्या शतकात तो रुंद व सरळ केल्यावर नदीचा गाळ अधिकच वेगाने येऊ लागला. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते व सूर्यप्रकाशावर अन्न बनवून प्रवाळास पोसते. पाणी गढूळ झाले, की तो उपाशी मरतो. तरीही बोकाचिकाजवळ, गढूळ पाण्याच्या थराखाली, वारादेरो नावाचा एक प्रवाळबांध जिवंत असल्याचे या शतकात शास्त्रज्ञांना आढळले.

शहराच्या पाठीशी ‘सिएनागा दे ला विर्हेन’ हे उथळ खारे तळे आहे. त्याच्या कडेची तिवरे तोडून, भर घालून वस्ती वाढली. गरीब लोक तेथे घरे बांधतात आणि पावसात तीच घरे प्रथम बुडतात. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘आयोटा’ वादळाच्या पावसाने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. एक गोष्ट येथे आठवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी दगडी तटही अडगळ मानून जागोजाग पाडला गेला होता. आज त्याच्या एकेका दगडाची निगा राखली जाते. तिवरांची पाळी अजून यावयाची आहे.

मात्र आरंभ झाला आहे. नगराचे सांडपाणी पूर्वी या तळ्यात जात असे. २००० साली ला बोकिया या कोळ्यांच्या गावाजवळ तळ्याला समुद्राकडे दारे बसविली. समुद्र चढला की एका बाजूच्या दारांतून पाणी आत येते. उतरला की दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, आणि तळे धुतले जाते. खाजनाच्या बांधावरील मानस ज्यांनी पाहिली आहे, त्यांस ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. २०१३ पासून सांडपाणी नळाने दूर समुद्रात सोडतात. ला बोकियाचे कोळी पाहुण्यांना होडीतून तिवरांच्या बोगद्यांत नेतात. तेथे डोक्यावर तांबड्या तिवराची लांब, हिरवी रोपे लोंबत असतात. या झाडाचे बी फांदीवरच रुजते, वीतभर वाढते, मग खाली चिखलात पडते किंवा पाण्यावर तरंगत जाते, आणि जेथे टेकेल तेथे मूळ धरते.