लॅपटॉपचा स्क्रू गुळगुळीत झाला? थांबा, जोर लावू नका!

रविवारी दुपारी कूलरसमोर बसून जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकायला घेतली. दहापैकी नऊ स्क्रू निघाले. दहाव्याचं डोकं गुळगुळीत! पेचकस नुसताच फिरतोय. चूक माझीच: घरातला मोठा पेचकस वापरला.

लॅपटॉपच्या स्क्रूंना बहुधा पीएच० किंवा पीएच०० टोक लागतं. '+' खाचेच्या या फिलिप्स स्क्रूचं पेटंट 1936 चं. त्याच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे दाब कमी पडला की टोक वर सरकतं आणि खाच खातं.

असं झालं तर या क्रमाने करा:

१. आधी चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा.
२. नेमक्या मापाचं टोक घ्या. रुंद रबर बँडचा तुकडा खाचेवर ठेवा, सरळ खाली दाबा, हळू फिरवा. माझा स्क्रू इथेच सुटला!
३. स्क्रूवर निळा गोंद असेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक काही सेकंद डोक्यावर टेकवा. गोंद मऊ होतो. प्लास्टिक आणि बॅटरीजवळ मात्र हे नको.
४. डोकं वर आलेलं असेल तर बारीक पकडीने धरून फिरवा.
५. ड्रिल शेवटी, तेही जाणकाराकडूनच. धातूचा कीस बोर्डावर पडला की शॉर्ट सर्किट होऊ शकतं.

आणि तो खराब स्क्रू परत लावू नका. जुना नमुना खिशात टाका, नागपुरात सीताबर्डीच्या मोबाइल-कॉम्प्युटर दुकानांत विचारा.

तुमचा जुगाड कोणता? सांगा ना बाप्पा!