पाण्यातला सोमल

सोमल म्हणजे जहाल विष. पूर्वी उंदीर मारायला तो वापरीत. तोच सोमल पिण्याच्या पाण्यात असला तर? पाणी स्वच्छ दिसते. वास नाही, चव नाही.

पश्चिम बंगालात व बांगला देशात असे झाले. तिथे लोक तळ्याचे पाणी पीत व पटकीने मरत. म्हणून गावोगाव हापसे बसवले. हेतू चांगला होता. पण जमिनीखालच्या गाळात मूळचाच सोमल होता, तो पाण्यात उतरलेला होता. १९८३ च्या सुमारास कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी रोग्यांच्या अंगावरचे ठिपके पाहून हे दुखणे ओळखले. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, की तळहात-तळपाय खरखरीत होतात. पुढे कर्करोगही होतो.

पाणी उकळून प्यावे, असे आम्ही शाळेत मुलांना सांगत आलो. ते खोटे नाही. उकळल्याने जंतू मरतात. पण सोमल हा जंतू नव्हे. पाणी आटते, सोमल तेवढाच राहतो.

मग फडक्याने गाळावे? गुळाच्या पाण्यातला गूळ गाळून निघतो का? सोमल तसाच विरघळलेला असतो. त्याला चिकटायला काहीतरी द्यावे लागते.

भिंतीच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड नावाची भुकटी असते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट हे खनिज आहे. अशा खनिजापासून ती करतात. काळ्यातून पांढरे निघते, ही गंमतच! या द्रव्याचे सच्छिद्र दाणे नळकांड्यात भरतात. वरून पाणी सोडले, की सोमल दाण्यांना चिकटतो.

सोमलाचे दोन प्रकार असतात. एक सहज चिकटतो, दुसरा निसटू पाहतो. भुकटी पाण्यात ढवळून उन्हात ठेवली, तर ऊन व हवा यांच्या योगाने निसटणाऱ्याचा चिकटणारा होतो. हा गुण फार थोड्या द्रव्यांत आहे.

पण दाणे कधीतरी भरतात. एस.टी. भरली की फाट्यावरचा माणूस तिथेच राहतो. इथे उलटे होते. जागा संपली, की सोमल सरळ तुमच्या हंड्यात उतरतो. पाणी मात्र पूर्वीसारखेच स्वच्छ! घात होतो तो इथेच. म्हणून नळकांडे बसवले तरी पाणी वेळोवेळी तपासून घ्यावे. एका लिटरात ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोमल नको. काढलेले दाणे विहिरीकाठी किंवा शेतात टाकू नयेत. ते तपासणाऱ्यांच्या हवाली करावेत.

बांगला देशात सोमलाच्या हापशाला लाल रंग दिला, चांगल्याला हिरवा. लाल हापशाच्या पाण्याने कपडे धुवावेत. पण त्यात भात शिजवू नये.